मीटरवरची लाल टिकली

मे २०२४ च्या बिलाचा मेसेज आला तेव्हा मी महापेला ऑफिसमध्ये डबा खात होतो. आकडा वाचला, चष्मा वर करून परत वाचला, नऊ हजार सातशे आणि वर सुटे. वापर ६१२ युनिट. आमच्याकडे माणसं पाच, मी, बायको, सीईटीच्या मागे लागलेला पोरगा आणि आई-अण्णा. घर नेरुळला, सिडकोची जुनी बिल्डिंग, चौथा मजला, लिफ्ट नाही आणि डोक्यावर डायरेक्ट गच्ची. उन्हाळ्यात बिल चढतं हे काही नवीन नाही पण आधीच्या वर्षांत सहा-साडेसहाच्या वर कधी गेलं नव्हतं.

घरी गेल्यावर जे व्हायचं तेच झालं, प्रत्येकाकडे एकेक आरोपी तयार. आईचं म्हणणं एसी. बायकोचं म्हणणं पोराचा कॉम्प्युटर. पोराचं म्हणणं मीटर फास्ट झालाय (हे कुठून येतं कोण जाणे, प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी माणूस मीटर फास्ट आहे म्हणणारा असतोच). मी स्वतः गेली पाच वर्षं एकाच गोष्टीवर ओरडत आलोय, खोलीतून बाहेर पडताना लाईट बंद करा. आणि अण्णा म्हणाले, "पाचशेच्या वर गेलास ना, मग सगळीच्या सगळी युनिटं वरच्या रेटने लागतात, म्हणून एवढं आलंय." एवढ्या खात्रीने म्हणाले की मीही मान डोलावली.

त्यात त्याच आठवड्यात दुसरं बिल आलं. आई घाबरलीच, म्हणाली डबल लावलं. ते वीजबिल नव्हतंच, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं होतं. वर्षाच्या सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट ठेव कंपनीकडे असावी लागते, आपलं बिल वाढलं की फरक मागतात, उन्हाळ्यातच येतं ते आणि लोकांचा गोंधळ होतो. ठेवीवर व्याज मिळतं, ते बिलातच वळतं करतात, म्हणजे पैसे बुडत नाहीत, पण त्या क्षणी खिशातून जातात हे खरंच.

मग रविवारी बिल घेऊन बसलो, आयुष्यात पहिल्यांदा मागची बाजूसुद्धा वाचली. आपल्याकडे महावितरणच्या बिलात पाच गोष्टी मिळून रक्कम होते. स्थिर आकार, जो वापर शून्य असला तरी द्यायचाच, तेव्हा एकशेतीसच्या आसपास होता. वीज आकार म्हणजे खरी विजेची किंमत. वहन आकार, वीज तारेतून आणून द्यायचे, तेव्हा युनिटला १ रुपया १७ पैसे. इंधन समायोजन आकार, जो महिन्याप्रमाणे बदलतो. आणि या सगळ्याच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. २०२४-२५ मध्ये वीज आकार असा होता, पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे, आणि ५०० च्या वर १६ रुपये ६४ पैसे.

आता अण्णांचं म्हणणं चुकीचं कसं ते इथेच कळतं. ५०१ वं युनिट झालं म्हणून आधीची पाचशे महाग होत नाहीत, प्रत्येक युनिटाला त्याच्या टप्प्याचाच दर लागतो. पण म्हणून दिलासा वाटावा असंही काही नाही. मी कॅल्क्युलेटर घेऊन वहन आकार आणि १६ टक्के धरून एकेका युनिटाची खरी किंमत काढली, इंधनवालं सोडून. पन्नासावं युनिट मला पडतं ६ रुपये ८२ पैशांना. दोनशेवं १३ रुपये २९ पैशांना. चारशेवं १८ रुपये २४ पैशांना. आणि सहाशेवं २० रुपये ६६ पैशांना. तोच पंखा, तीच हवा, महिन्याच्या शेवटी तिप्पट भावात.

हे कागदावर आल्यावर माझं डोकं जरा वेगळं चालायला लागलं. पाचशेच्या वरची ती ११२ युनिटंच तेवीसशे रुपयांची होती. म्हणजे आपण जी काही बचत करू ती आधी सगळ्यात महागड्या युनिटांतून वजा होते, वरून खाली. बिल अर्धं करायला वापर अर्धा करावा लागत नाही. आमच्या घरात दोन स्लॅब तापलेले होते, एक डोक्यावरचा आणि एक बिलातला.

आता एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने काय करायला हवं होतं? मी काय केलं तर ऑनलाईन ७९९ रुपयांचा एक पॉवर सेव्हर मागवला. प्लगमध्ये लावायचा, हिरवा दिवा लागतो, बिल चाळीस टक्क्यांपर्यंत कमी. महिनाभर लावून ठेवला. दिवा छान लागत होता.

त्याचं सत्य सांगितलं आमच्या सेक्टरमधल्या वायरमनने. तो बाथरूमचा स्विच बदलायला आला होता, ते यंत्र बघून हसला, स्क्रू ड्रायव्हरने उघडूनच दाखवलं. आत एक छोटा कपॅसिटर आणि एक एलईडी. म्हणाला, "साहेब, कपॅसिटर कारखान्याला लागतो, त्यांचं बिलिंग वेगळं असतं. तुमचा घरचा मीटर फक्त किलोवॅट अवर मोजतो, त्याला ह्याचं काय पडलंय?" मग जाता जाता जे बोलला ते माझ्या सगळ्या उद्योगाचं मूळ. "तुम्हाला बघायचंच असेल ना कोण वीज खातंय, तर खाली मीटरवर लाल टिकली लुकलुकते ती मोजा. बाजूला लिहिलेलं असतं किती वेळा लुकलुकली की एक युनिट."

रात्री खाली जाऊन टॉर्च मारून बघितलं. लिहिलं होतं, ३२०० इम्प पर किलोवॅट अवर. म्हणजे दिवा ३२०० वेळा लागला की एक युनिट. घरी येऊन गणित केलं, एका मिनिटात जितक्या वेळा लागेल त्याला १८.७५ ने गुणलं की त्या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते मिळतं. एवढंच. ना कुठलं ॲप, ना यंत्र. तुमच्या मीटरवर ३२०० च्या जागी दुसरा आकडा असेल तर साठ हजाराला त्या आकड्याने भागा, तो तुमचा गुणक.

ऐकायला सोपं आहे पण आमची मीटररूम तळमजल्यावर जिन्याखाली आणि घर चौथ्यावर. म्हणून रात्री साडेअकराला मी खाली प्लास्टिकच्या स्टुलावर, हातापायाला ओडोमॉस, कानाला मोबाईल, आणि वर पोरगा फोन धरून एकेक बटण बंद करतोय असा कार्यक्रम ठरला. पहिल्या दिवशी वीस मिनिटं मोजलं, वहीत लिहिलं, काही केल्या मेळ बसेना. तो एसी बंद करायचा तरी टिकली तशीच, पंखे बंद केले तरी तशीच. नंतर लक्षात आलं की मी शेजारच्यांचा मीटर मोजत होतो. सोळा मीटर एका भिंतीवर, फ्लॅट नंबर रंगाने लिहिलेले होते ते कधीच पुसून गेलेले. तेव्हा पहिलं काम, बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक जुळवून घ्या.

दुसऱ्या रात्री नीट केलं. आधी एसी चालू ठेवून. दहा सेकंदात पंधरा वेळा, म्हणजे मिनिटाला नव्वद, म्हणजे जवळजवळ १७०० वॅट, त्यातले थोडे पंखे-फ्रीजचे. २०१३ चा दीड टनी एसी आहे आमचा, साधा, इन्व्हर्टरवाला नाही, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. मग सगळं बंद करायला सांगितलं. एसी बंद, पंखे बंद, दिवे बंद, टीव्ही बंद, फ्रीजसुद्धा बटणावरून बंद. वरून आवाज आला, "बाबा, आता काही म्हणजे काहीच चालू नाहीये, आजी विचारतेय किती वेळ उकाड्यात बसायचं."

आणि खाली टिकली लुकलुकतेय. हळू, पण लुकलुकतेय. पाच मिनिटं घड्याळ लावून मोजलं, पस्तीस वेळा. मिनिटाला सात, म्हणजे १३१ वॅट. कोणीही काहीही वापरत नसताना. दिवसाला तीन युनिटांच्या वर, महिन्याला ९४ युनिटं. आमच्या मे महिन्याच्या दराने एकोणीसशेच्या वर रुपये, कशाचे ते माहीत नाही.

मी म्हटलं नीट बघ, काहीतरी राहिलंय. तो म्हणाला वायफाय आहे, दोन सेट टॉप बॉक्स आहेत त्यांचे लाल दिवे लागलेत, पाण्याच्या फिल्टरचा दिवा आहे. मी म्हटलं यांचे एवढे नाही होणार. मग थोडा वेळ शांतता आणि मग पोरगा म्हणाला, "बाबा, अण्णांचा इन्व्हर्टर."

हा इन्व्हर्टर म्हणजे आमच्या घरातलं दैवत. लोडशेडिंगच्या काळात अण्णांनी घेतला होता, तेव्हा माझी नोकरी नवीन होती, अण्णांच्या रिटायरमेंटच्या पैशातून आलेली पहिली मोठी वस्तू. बॅटरी मधे एकदा बदललेली, ती पण आता म्हातारी. दरवाजामागे ट्रॉलीवर बसलेला असतो, त्याच्यावर आईने क्रोशाचं झाकण घातलंय. गेल्या पाच वर्षांत आमच्याकडे लाईट गेली असेल ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण तो चोवीस तास प्लगमध्ये, बॅटरी भरत बसलेला. अण्णा दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर आणून त्यात ओततात आणि दर महिन्याला पाणी कमी होतं, याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. खरं तर तीच खूण होती. जुनी बॅटरी पूर्ण चार्ज होतच नाही, चार्जर करंट पाठवत राहतो, ती वीज उष्णतेत आणि पाणी उडवण्यात जाते. हात लावून बघितलं असतं तर कोमट लागली असती, पण क्रोशाच्या झाकणाखाली कोण हात घालणार.

पोराला म्हटलं प्लग काढ. काढल्याबरोबर इन्व्हर्टर बोंबलायला लागला, कारण त्याला वाटलं लाईट गेली. (हे लक्षात ठेवा, नुसता प्लग काढून भागत नाही, पुढचं बटणही बंद करावं लागतं.) मग परत पाच मिनिटं मोजलं. चौदा. पस्तीसवरून चौदा. म्हणजे जवळजवळ ८० वॅट एकटा इन्व्हर्टर, महिन्याला ५७ युनिटं. उन्हाळ्याच्या दराने अकराशे-बाराशे, आणि वापर तीनशेच्या आत असलेल्या महिन्यांतही साडेसातशे. मी स्टुलावर बसून हिशेब करत होतो आणि डासांनी माझा हिशेब केला होता.

खरी अडचण पुढे होती. अण्णांना सांगायचं कसं. वही दाखवली, गणित दाखवलं, सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि म्हणाले, "आणि १२ ऑक्टोबरला काय केलं असतं?" त्यांना म्हणायचं होतं १२ ऑक्टोबर २०२०, जेव्हा कळवा-पडघ्याकडच्या लाईन बंद पडून मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडेच एकदम वीज गेली होती, लोकलसुद्धा उभ्या राहिल्या होत्या. त्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त आमच्याकडे पंखा चालू होता आणि शेजारचे मोबाईल चार्ज करायला आमच्याकडे येत होते. तो अण्णांच्या इन्व्हर्टरचा सुवर्णक्षण. मी म्हटलं अण्णा, एका दिवसासाठी आपण वर्षाला नऊ-दहा हजार भरतोय. ते म्हणाले, "विमा पण असाच असतो." याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

बायकोने सोडवलं. तिने चार्जिंगवाले दोन एलईडी बल्ब आणले, साध्या होल्डरमध्ये लागतात आणि लाईट गेली तरी तीन-चार तास चालतात, वायफायसाठी एक छोटा बॅकअप, आणि अण्णांच्या उशाशी चार्जिंगचा पंखा. मग म्हणाली, "अण्णा, महिनाभर इन्व्हर्टर नुसता बंद ठेवून बघू, काढायचा नाही, बंद ठेवायचा." महिनाभराने अण्णांनी स्वतःच बॅटरीवाल्याला फोन केला आणि शिशाच्या वजनावरून घासाघीस करून आम्ही मिळवले असते त्यापेक्षा पाचशे रुपये जास्त मिळवले. झाकण आईने धुऊन ठेवलंय.

उरलेल्या चौदामध्ये सेट टॉप बॉक्स मोठे. रिमोटने बंद केला की तो बंद होतो असं आपल्याला वाटतं, तसं नसतं, तो जवळजवळ तेवढीच वीज खात पडून राहतो. दोन्ही टीव्हींना बटणवाला एक्स्टेंशन बोर्ड लावला, झोपताना एक बटण, संपलं. पोराचा कॉम्प्युटरही स्लीपवर टाकून ठेवलेला असायचा, तो पूर्ण बंद करायला लागला.

एसीचं प्रकरण वेगळंच. बिल आलं त्याच आठवड्यात एक मेकॅनिक बोलावला होता, थंड होत नाही म्हणून. त्याने रिमोट घेतला, हात पुढे धरला, म्हणाला गॅस कमी आहे. अडीच हजार. गॅस भरला, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. नंतर मी स्वतः खिडकीतून ग्रीलमध्ये वाकून आउटडोअर युनिट बघितलं तर मागच्या जाळीवर कबुतरांनी अख्खा संसार थाटलेला, काड्या, पिसं, विष्ठेचा इंचभर थर. नवी मुंबईत राहणाऱ्यांना कबुतरं काय चीज आहे ते सांगायला नको. ती गरम हवा बाहेर जाणार कुठून? दुसऱ्या माणसाकडून सहाशे रुपयांत पाण्याने नीट धुऊन घेतलं, आतले फिल्टर आम्ही नळाखाली धुतले आणि ग्रीलला जाळी मारली. आधी रात्रभर कॉम्प्रेसर थांबायचाच नाही, आता मधेमधे थांबतो, खाली मीटरवर सुद्धा कळतं, टिकली सुसाट धावते आणि मग एकदम चालायला लागते.

तापमानाचं म्हणाल तर आमच्याकडे १८ वर असायचा. २०२० च्या जानेवारीपासून नवीन स्टारवाले एसी चालू केले की आपोआप २४ वर सुरू होतात, सरकारने तसा नियमच केला, पण आमचा त्याच्या आधीचा. ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणतो की एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते. पहिल्या रात्री २६ ठेवल्यावर पोराने असहकार पुकारला. मग २६ आणि वर पंखा असा तह झाला. पंख्याची हवा अंगावर आली की २६ चालतं, हे त्याने स्वतः कबूल केलं, माझ्यासमोर नाही, आजीसमोर.

नवीन पाच स्टार इन्व्हर्टर एसी घ्यावा का यावर पण बरंच डोकं खाल्लं. दुकानात लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात, ती १६०० तासांची धरलेली असतात. आमचा वापर मुख्यतः एप्रिल-मे आणि मग ऑक्टोबरचे थोडे दिवस, सातशे तासही होत नाहीत. चाळीसच्या वर हजार घालून ते पैसे सुटायला लागणारी वर्षं मोजली आणि म्हटलं जुना मरेपर्यंत चालू दे. ज्यांच्याकडे वर्षातले सात-आठ महिने एसी चालतो त्यांचं गणित उलटं येईल.

पंखे मात्र बदलले. पंख्याकडे कोणाचं लक्ष जात नाही कारण तो ७५ वॅटचा, एसीसमोर चिल्लर. पण अण्णांच्या खोलीतला आणि हॉलमधला पंखा दिवसाचे अठरा तास चालतो, बारा महिने. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तेवढीच हवा तीस वॅटच्या आसपास देतो. एका पंख्यामागे महिन्याला २४ युनिटं वाचतात, म्हणजे तीनशेच्या वर रुपये. तीन हजाराचा पंखा वर्षाच्या आत फिटला. दिवाळीला दोन घेतले. त्यांना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून टाकावा लागतो, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं, वायरमनने सांगितलं. आणि रिमोट. अण्णांचा रिमोट आतापर्यंत दोनदा हरवलाय, एकदा फ्रीजमध्ये सापडला.

फ्रीजवरून आठवलं, दारात दहाची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची, अलगद निघून आली तर रबर गेलंय. आमची एका कोपऱ्यात निघाली. रबर बदललं, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, बस.

गीझरवर हिवाळ्यात पंधरा दिवस भांडण झालं. आई पहाटे साडेपाचला चालू करायची आणि तो दहापर्यंत तसाच, "कोणाला कधी लागेल" म्हणून. पंधरा लिटरची टाकी २५ वरून ६० डिग्रीवर न्यायला जेमतेम सहा दशांश युनिट लागतं, दोन किलोवॅटच्या गीझरला अठरा-वीस मिनिटं. म्हणजे आंघोळीच्या वीस मिनिटं आधी लावला तरी पुरतो. आता एकामागे एक आंघोळी उरकतो आणि शेवटचा माणूस बंद करतो. शेवटचा माणूस कोण यावर भांडण अजून चालू आहे.

आणि माझं ते लाईट बंद करा प्रकरण. एकदा पोराने शांतपणे वही पुढे केली. नऊ वॅटचा एलईडी, रोज पाच तास फुकट जळाला धरला, महिन्याला एक पूर्णांक पस्तीस युनिट, अठरा रुपये. "बाबा, तुम्ही पाच वर्षं अठरा रुपयांसाठी ओरडताय." चाळीस वॅटच्या ट्यूब आणि साठचे बल्ब होते तेव्हाची सवय माझी, ती वस्तू गेली तरी ओरडणं राहिलं. मी अजूनही बंद करतो, पण गुपचूप.

डोक्यावरच्या स्लॅबचं काम मार्च २०२५ मध्ये झालं. त्याच्या आधी एप्रिलच्या रात्री अकरा वाजता स्टुलावर उभं राहून बेडरूमच्या छताला हात लावला तर नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखं गरम लागायचं, मग एसी बिचारा खोली थंड करणार की छत? सेक्रेटरींना विचारून आमच्या डोक्यावरच्या भागाला चुना आणि पांढऱ्या सिमेंटचे दोन हात मारून घेतले, खर्च मी केला. पांढरं छत ऊन परत फेकतं, साधी गोष्ट. पावसात निम्मा धुऊन जातो, दर वर्षी मारावा लागणार. खालच्या मजल्यावरच्या लोकांना यात काहीच मिळत नाही म्हणून सोसायटीच्या खर्चातून होणार नाही हे मला मीटिंगच्या आधीच माहीत होतं.

सोलरचं पण मीटिंगमध्ये मांडलं. पीएम सूर्यघर योजनेत एकट्या घराला तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजार सबसिडी आहे, पण आमची गच्ची सगळ्यांची, त्यामुळे सोसायटीच्या कॉमन वापरासाठी, म्हणजे पाण्याचा पंप आणि जिन्याचे दिवे, किलोवॅटला १८ हजार मिळतात तो मार्ग. दीड तास चर्चा झाली. त्यातला एक तास गच्ची गळेल का यावर. विषय पुढच्या सभेत.

मे २०२५ चं बिल आलं, ४०२ युनिट, साडेपाच हजारांच्या आसपास. दर तेव्हा तेच होते म्हणून तुलना करता येते, चार हजारांच्या वर फरक. पण सगळं श्रेय घेतलं तर खोटं होईल, त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, २६ मेला तर मान्सून मुंबईत हजर, शेवटच्या आठवड्यात एसीला हातच लावला नाही. थोडं वरुणराजाचं, थोडं कबुतरांना हाकलल्याचं, आणि बरंचसं इन्व्हर्टरचं.

जुलै २०२५ पासून दर बदललेत, त्यामुळे वरचे आकडे तुमच्या आत्ताच्या बिलाशी जुळणार नाहीत, आपापल्या बिलावरचे घ्या. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर थोडी सूटही सुरू झालीये. आणि बिल कागदावर नको, ईमेलवर द्या असं कळवलं की दर बिलामागे दहा रुपये कमी होतात, वेळेत भरलं की अजून थोडे. चिल्लर आहे, पण इतके दिवस का घेत नव्हतो कळत नाही.

अण्णा रोज संध्याकाळी खाली कट्ट्यावर बसायला जातात. परवा ऑफिसातून आलो तर कट्ट्यावर नव्हते. मीटररूममध्ये होते, हातात मनगटातून काढलेलं घड्याळ, आणि बाजूला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या. मला हाताने थांब अशी खूण केली, मिनिट पूर्ण होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग वहिनींना म्हणाले, "अकरा. घरात कोणी नाही म्हणताय ना? मग गीझर बघा आधी."